आधी शेणाचे खत होऊ द्या!

जून महिन्याचा पहिला आठवडा. दोन सरी पडून गेलेल्या. घरामागची जागा खणून मी वाफे तयार केले होते. रोपवाटिकेतून वांग्याची आणि टोमॅटोची रोपे आणली होती. खताचे काय, असा प्रश्न पडला, तेव्हा दूधवाला म्हणाला, ‘‘ताई, आमच्या गोठ्यातलं शेण नेऊन टाका. अस्सल देशी खत. रोपं नुसती सुसाट वाढतील.’’ दुसऱ्याच दिवशी सहा पाट्या ताजे शेण आले. गोमूत्राने भिजलेले, कडब्याचे तुकडे मिसळलेले. मी ते मोठ्या हौसेने मातीत कालवले आणि त्याच संध्याकाळी रोपे लावली.

आठ-दहा दिवसांत पानांच्या कडा करपू लागल्या. पाने पिवळी पडली. पंधरा दिवसांनी निम्मी रोपे माना टाकून आडवी झाली आणि त्यांच्या जागी तणाचे हिरवेगार रान माजले. मी पाणी कमी करून पाहिले, जास्त करून पाहिले. काहीच उपयोग झाला नाही.

गावाहून सासूबाई आल्या तेव्हा त्यांनी वाफ्यात बोट खुपसले, माती नाकाशी नेली आणि म्हणाल्या, ‘‘अगं, हे तर शेण आहे. खत कुठंय?’’

तोपर्यंत शेण आणि खत हे दोन शब्द माझ्या लेखी एकच होते. शहरात वाढलेल्या बहुतेकांचा हाच समज असतो. अलीकडे परसबागेची, गच्चीवरच्या भाजीची हौस घरोघरी वाढली आहे. मुलांच्या पोटात औषध न फवारलेली भाजी जावी, या इच्छेने अनेक कुटुंबे कुदळ हातात घेत आहेत. पण पहिल्याच वर्षी रोपे मेली की हौस मावळते, वाफ्यांवर फरशी बसते आणि ‘आपल्या हाताला यश नाही’ असे म्हणून विषय संपतो. हाताला दोष देण्याआधी खताकडे एकदा नीट पाहायला हवे.

खत रोपाला नव्हे, मातीला

शेणखताची ताकद आकड्यांत पाहिली तर निराशाच होईल. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र सुमारे अर्धा टक्का, स्फुरद पाव टक्क्याच्या आत-बाहेर आणि पालाश अर्धा टक्का असते. म्हणजे १०० किलो शेणखतातून नत्र मिळते ते जेमतेम अर्धा किलो. एवढे नत्र सव्वा किलोहून कमी युरियात असते. त्यातही शेणखतातले सगळे नत्र पहिल्याच पिकाला मिळत नाही. साधारण एक तृतीयांश मिळते, बाकीचे पुढच्या हंगामांत हळूहळू सुटत राहते.

मग शंभर किलोचे ओझे वाहायचे कशासाठी? कारण युरिया रोपाला जेवू घालतो आणि शेणखत मातीला. मातीत असंख्य जिवाणू, बुरशी आणि गांडुळे राहतात. कुजलेला सेंद्रिय पदार्थ हे त्यांचे अन्न. ते खाऊन हे जीव रोपांना घेता येईल अशा रूपात अन्नद्रव्ये मोकळी करतात. शिवाय त्यांच्या चिकट स्रावांनी मातीचे बारीक कण एकमेकांना धरून राहतात आणि माती रवाळ होते. रवाळ मातीत हवा खेळते, पाणी मुरते आणि मुळे सहज पसरतात.

म्हणूनच शेणखत सगळ्या प्रकारच्या मातीला मानवते. विदर्भ-मराठवाड्यातली किंवा माळव्यातली काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते; शेणखताने ती मोकळी होते. राजस्थानच्या वाळूत पाणी ठरत नाही. तिथे तेच खत स्पंजासारखे ओल धरून ठेवते. कोकणातल्या तांबड्या जांभ्या मातीतून धो धो पावसाबरोबर अन्नद्रव्ये वाहून जातात. तिथे खतातला ह्यूमस, म्हणजे कुजून उरलेला काळा सेंद्रिय भाग, ती काही प्रमाणात अडवून धरतो.

मात्र आपल्या उष्ण हवेत सेंद्रिय पदार्थ मातीत फार काळ टिकत नाही. थंड देशांच्या मानाने तो लवकर झिजतो. त्यामुळे एकदाच भरपूर खत टाकून चार वर्षे निश्चिंत राहता येत नाही. दर हंगामात थोडे थोडे घालणे हाच खरा मार्ग.

ताजे शेण काय बिघडवते?

ताजे शेण आणि विशेषतः मूत्राने भिजलेले गोठ्यातले घाण-गवत कुजताना अमोनिया वायू सुटतो. कोवळ्या मुळांना तो सोसत नाही. कुजण्याच्या क्रियेत उष्णताही निर्माण होते. त्यातल्या क्षारांमुळे मुळांना पाणी ओढणे जड जाते आणि पानांच्या कडा करपतात.

दुसरी गोष्ट जरा उलटी वाटेल. शेणात कडबा किंवा भुसा जास्त असेल तर तो कुजवण्यासाठी जिवाणूंना नत्र लागते. ते नत्र मातीतूनच ओढून घेतात. म्हणजे खत घालूनही रोप काही काळ नत्रासाठी उपाशी राहते आणि पिवळे पडते.

तिसरा त्रास तणाचा. जनावराने खाल्लेल्या गवताच्या अनेक बिया पोटातून जशाच्या तशा बाहेर पडतात. ढीग नीट रचला तर त्याच्या आतले तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. एवढ्या उष्णतेत बहुतेक बिया आणि रोगजंतू मरतात. ताज्या शेणातल्या बियांना मात्र आपण आपल्या हाताने वाफ्यात पेरतो.

चौथा धोका किडींचा. अर्धवट कुजलेल्या खताकडे वाळवी आणि हुमणीचे भुंगेरे आकर्षित होतात. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, पांढरी, जाड हुमणीची अळी रोपांची मुळे कुरतडते. वरून पाणी घालत राहिले तरी रोप सुकते आणि उपटायला गेले तर अलगद हातात येते. कोकणात नारळाला छळणारा गेंड्या भुंगाही शेणाच्या उकिरड्यातच अंडी घालतो. खत वाफ्यात नेण्यापूर्वी अशा जाड अळ्या दिसल्या तर वेचून नष्ट कराव्यात.

आणि पाचवा धोका थेट आपल्या ताटाशी येतो. ताज्या शेणात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी, टोमॅटो आपण कच्चेच खातो. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार, जे पीक मातीला टेकते त्यासाठी न कुजवलेले शेण काढणीच्या किमान १२० दिवस आधी मातीत मिसळलेले असावे लागते. आपणही हे चार महिन्यांचे अंतर पाळलेले बरे.

खत तयार झाले हे कसे ओळखाल?

तयार शेणखत गडद तपकिरी किंवा काळसर असते. मूठभर घेऊन चोळले तर भुसभुशीत लागते, हाताला लिबलिबीत चिकटत नाही. कडबा, पाने ओळखू येत नाहीत. वास पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा येतो. नाकाला झोंबणारा उग्र वास आला तर ते अजून कच्चे आहे. ढिगात हात घातल्यावर ऊब जाणवली तरीही थांबावे.

विकतचे खत आणले असेल तर दोन सोप्या परीक्षा घरी करता येतात. मूठभर ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर घाणेरडा किंवा झोंबणारा वास आला तर खत कच्चे समजा. दुसरी परीक्षा मेथीची. एका कुंडीत निम्मे खत व निम्मी माती आणि दुसऱ्या कुंडीत नुसती माती भरा. दोन्हींत मेथीचे प्रत्येकी वीस दाणे पेरा. आठवडाभरात दोन्ही कुंड्यांतली उगवण सारखी असेल तर खत निर्धास्त वापरा. खताच्या कुंडीत दाणे कमी उगवले किंवा कोंब करपले तर ते आणखी महिनाभर कुजू द्या.

गाईचे, शेळीचे की कोंबडीचे?

गाई-म्हशींचे खत सौम्य असते, म्हणून नवशिक्यांना तेच बरे. शेळ्या-मेंढ्यांचे लेंडीखत त्याहून बरेच कसदार असते. धनगरांचे कळप रात्री शेतात बसवून घेण्याची आणि त्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे देण्याची आपल्याकडची जुनी रीत त्यासाठीच आहे. लेंड्या कोरड्या, वाहायला सोप्या असतात. त्या जरा फोडून कुजवल्या की फळभाज्यांना उत्तम.

कोंबडखत सर्वांत तेज. त्यात नत्र ३ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे शेणखताच्या सहापट. ते ताजे कधीच वापरू नये. कुजवल्यावरही शेणखताच्या निम्म्याहून कमीच घालावे. कुत्र्या-मांजरांची विष्ठा मात्र भाजीच्या बागेत किंवा खतखड्यात मुळीच टाकू नये. तिच्यातून माणसाला बाधणारे जंत पसरू शकतात.

इंदूरचा ढीग, पुसदची टाकी

कुजवण्याचे शास्त्र आपल्याच देशात घडले आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये भारतात आले. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत त्यांनी शेण, पालापाचोळा आणि पिकांचे अवशेष थरांत रचून, वेळोवेळी चाळवून खत करण्याची पद्धत बसवली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. तिच्यावरचे १९३१ चे पुस्तक हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासोबत लिहिले. ही पद्धत बसवताना हॉवर्ड यांनी इथल्या शेतकऱ्यांकडून खूप काही घेतले, हे ते स्वतःही मान्य करत.

पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण पांढरीपांडे ऊर्फ नाडेपकाका यांनी विटांची जाळीदार टाकी प्रचारात आणली. ‘नाडेप’ हे नाव त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून पडले. साधारण १२ फूट लांब, ५ फूट रुंद आणि ३ फूट उंच टाकीत काडीकचरा, माती आणि पाणी यांच्या जोडीला अवघे ९० ते १०० किलो शेण लागते. तीन-चार महिन्यांत त्यातून दोन-अडीच टनांहून अधिक खत तयार होते. ज्यांच्याकडे शेण थोडेच आहे, त्यांच्यासाठी यातला धडा मोलाचा आहे. शेण हे सगळे खत नसून खताचे विरजण आहे!

घरच्या घरी खतखड्डा

परसात जागा असेल तर सावलीत, पाणी न साचणाऱ्या ठिकाणी ३ फूट लांब, ३ फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा पुरेसा आहे. तो विहिरीपासून लांब असावा. जिथे पाऊस फार पडतो, तिथे खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग रचावा.

तळाशी काटक्या-वाळक्या फांद्यांचा थर द्या, म्हणजे हवा खेळेल. त्यावर वीतभर वाळका पाला, मग स्वयंपाकघरातला भाजीचा कचरा, मग पाण्यात कालवलेले शेण आणि शेवटी मूठ-दोन मुठी माती पसरा. याच क्रमाने खड्डा भरत जा. हिरव्या कचऱ्याच्या अंदाजे दुप्पट वाळका पाला असू द्या. वास आणि माश्यांचा त्रास होत नाही. वरून मातीचा पातळ थर देऊन गोणपाटाने झाका.

ओलावा किती हवा? मूठभर कचरा घट्ट पिळा. बोटांमधून एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर पाणी जास्त आणि मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी कमी.

पंधरा दिवसांनी, मग पुन्हा पंधरा दिवसांनी आणि त्यानंतर महिन्याने, असे तीनदा ढीग वर-खाली करा. एकूण तीन-चार महिन्यांत खत तयार होते. ढीग चाळवायला वेळ किंवा ताकद नसेल तर भरलेला खड्डा वरून माती-शेणाने लिंपून टाका आणि सहा-आठ महिने विसरून जा. ही ‘बंगळुरू पद्धत’. वेळ जास्त लागतो, कष्ट कमी.

शेणाचा ढीग उघड्यावर मात्र ठेवू नका. उन्हाने त्यातले नत्र हवेत उडते आणि पावसाने उरलेला कस वाहून जातो. गावाकडे घरोघरी दिसणारा उघडा उकिरडा म्हणजे गळका डबाच.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तळाला आणि बाजूंना भोके पाडलेला प्लॅस्टिकचा पिंप किंवा मोठ्या मातीच्या कुंड्या घ्याव्यात. शहरातही पूजासाहित्याच्या दुकानात गोवऱ्या मिळतात. एखाद-दुसरी गोवरी पाण्यात भिजवून, कुस्करून प्रत्येक थरावर शिंपडली की विरजणाचे काम होते. पण गोवरी म्हणजे वाळलेले शेण, कुजलेले खत नव्हे. ती थेट कुंडीत रोपाच्या बुंध्याशी ठेवू नका.

किती आणि केव्हा?

भाजीच्या वाफ्याला दर चौरस मीटरला दोन ते अडीच किलो शेणखत पुरते. म्हणजे १० फूट लांब आणि १० फूट रुंद वाफ्याला २० ते २५ किलो. काटा नसेल तर वाफ्यावर सारखा अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर पसरा. माती फारच हलकी असेल तर पहिल्या वर्षी प्रमाण दुप्पट करायला हरकत नाही.

लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी खत घाला आणि वरच्या १५ सेंटिमीटर मातीत लगेच मिसळा. खत पसरून दिवसभर उन्हात ठेवले तर त्याचा कस उडून जातो. पावसाळी भाज्यांसाठी मेअखेर आणि हिवाळी भाज्यांसाठी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ सोयीचा. उत्तरेकडच्या वाचकांनी उन्हाळी भेंडी-काकडीसाठी फेब्रुवारीतही वाफे तयार करावेत.

प्रत्येक भाजीची भूक वेगळी. वांगी, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर यांना खत भरपूर लागते. दुधी, दोडका, कारले या वेलांच्या प्रत्येक आळ्यात दोन-तीन किलो खत मातीत मिसळून मगच बी टोचावे. घेवडा, मटार, गवार यांच्या मुळांवरचे जिवाणू हवेतले नत्र मिळवतात, म्हणून त्यांना थोडेच खत पुरे. गाजर-मुळ्याच्या वाफ्यात ताजे खत घातले तर मुळे फाटे फुटून वेडीवाकडी होतात. त्यांना मागच्या हंगामात खत घातलेली जागा द्यावी.

कुंडीसाठी दोन-तीन भाग माती आणि एक भाग खत हे प्रमाण ठीक. पुढे महिन्यातून एकदा वरची माती खुरप्याने हलवून मूठभर खत घालावे.

आणि जास्त घातले तर? ‘शेणखत नैसर्गिक आहे, कितीही घाला’ हा गैरसमज आहे. नत्र जास्त झाले की टोमॅटोची झाडे पानांनी भरतात, फुले-फळे मात्र नावालाच. पानांवर मावा पडतो. कुंडीत क्षार साचून मातीवर पांढरी पुटे दिसू लागतात. अशा वेळी दोन-तीन महिने खत बंद ठेवावे.

हातांची काळजी

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात राहतात. हातापायांवर चीर किंवा जखम असेल तर खताच्या कामात हातमोजे आणि पायात बूट-चप्पल असलीच पाहिजे. घरातल्या सर्वांच्या धनुर्वाताच्या लसी वेळेवर झाल्या आहेत ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. कोरडे खत चाळताना नाका-तोंडावर रुमाल बांधा. मुलांना बागेत जरूर नेऊ द्या, पण काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ देऊ नका. शेणकाला घालायचाच असेल तर दहापट पाण्यात पातळ करून फक्त वांगी-दुधीसारख्या शिजवून खायच्या भाज्यांच्या मुळाशी घाला. कोथिंबीर, पालक अशा पालेभाज्यांवर तो शिंपडू नका.

लक्षात ठेवा

० झोंबणारा वास आणि ऊब असेपर्यंत खत वाफ्यात नेऊ नका.
० नवे खत आधी मेथीच्या दाण्यांवर अजमावा.
० कच्च्या खायच्या भाज्यांच्या वाफ्यात ताजे शेण नको.
० खत पसरताच मातीआड करा.
० ढीग सावलीत आणि झाकून ठेवा.
० एकदाच खूप घालण्यापेक्षा दर हंगामात थोडे घाला.

माझ्या बागेचे पुढे काय झाले? जूनमध्ये मेलेली रोपे काही परत आली नाहीत. तो हंगाम वाया गेला. पण सासूबाईंनी उरलेले शेण कोपऱ्यातल्या खड्ड्यात ढकलायला लावले. त्यावर वाळका पाला टाकला, भाज्यांची देठे-साले टाकली, पावसासाठी वर पत्रा ठेवला. दर थोड्या दिवसांनी त्या दारात बसून सांगत आणि मी फावड्याने ढीग खाली-वर करी. ‘‘आई, झालं का हो आता?’’ असे मी विचारले की त्या मूठभर खत नाकाशी नेऊन म्हणत, ‘‘अजून शेणच आहे.’’

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी काहीच न बोलता घमेले माझ्या हातात दिले. खत काळे, भुसभुशीत झाले होते. त्यात दोन-तीन गांडुळेही वळवळत होती. दोन आठवड्यांनी त्याच वाफ्यात पुन्हा वांगी लावली, कडेला घेवडा टोचला.

जानेवारीत भोगीच्या भाजीला गाजर आणि ओला हरभरा बाजारातून आणावा लागला. वांगी आणि घेवडा मात्र घरचा होता.